टाळ्या वाजवा, ओरडू नका

निशिकासाई, तोक्यो
१० जानेवारी २०२१

ती. आई-बाबांस,


व्हिडिओ कॉलवर मला आईचं कपाळ आणि तुमच्या हॉलचा पंखा एवढंच दिसतं, त्यात दादा मागून "म्यूट काढ, म्यूट काढ" म्हणून ओरडत असतो. म्हणून दादाच्या मेलवर सविस्तर लिहितेय. वहिनीने मोठ्याने वाचून दाखवावं. बाबांनी मध्ये बातम्या लावू नयेत.

गुरुवारी कोरोनामुळे तोक्यो आणि शेजारच्या तीन प्रांतांत पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. बाबा, लगेच १९७५ काढू नका. इथली आणीबाणी म्हणजे हॉटेलांनी रात्री आठला शटर ओढावं आणि लोकांनी घरी बसावं, अशी सरकारची विनंती. बाहेर दिसलात तर दांडुका नाही, उठाबशा नाहीत, दंडसुद्धा नाही. आपल्याकडे "कृपया रेल्वे रूळ ओलांडू नका" ही विनंती बदलापूर स्टेशनात किती वर्षं चाललीय, आणि रूळ ओलांडता ओलांडताच आपण ती ऐकतो. इथे विनंती झाली की माणसं खरंच घरात बसतात. पण फार भारावून जाऊ नका. गेल्या वसंतात जी दुकानं उघडी राहिली, त्यांच्या दारावर रातोरात निनावी चिठ्ठ्या चिकटल्या, "लाज वाटत नाही का?" म्हणून. दुसऱ्या प्रांताच्या नंबरप्लेटच्या गाड्यांना लोकांनी सळो की पळो केलं. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी निदान गेटवर उभे राहून, स्वतःच्या नावाने भांडतात.

सरकारचा मुख्य मंत्र आहे तीन गोष्टी टाळण्याचा: कोंदट जागा, गर्दी आणि तोंडाजवळ तोंड नेऊन बोलणं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे सकाळची बदलापूर फास्ट टाळायची, एवढंच ना?" दादाला लोकल अजून बंदच, त्यामुळे ती आपोआपच टळलीय म्हणा. वहिनीला बाई म्हणून अकरानंतर लोकल मिळते आणि दादा अजून बसने हाडं खिळखिळी करत जातो, हे ऐकून मला जे वाटलं त्याला सहानुभूती म्हणता येणार नाही.

मास्कचं मी सांगितलं होतं का? तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी गेल्या १ एप्रिलला जाहीर केलं की घरटी दोन कापडी मास्क पाठवणार. तारीख बघून लोकांना थट्टाच वाटली. पण आले, खरंच आले, तेही इतके छोटे की नाक झाकलं तर हनुवटी उघडी. घरात आम्ही तिघं, मास्क दोन. तिसऱ्याने काय करायचं ते सरकारने कळवलं नाही. उल्हासनगरला ऑर्डर दिली असती तर कॅम्पातल्या कारागिरांनी आठवड्यात सगळ्या जपानचं काम उरकून वर 'मेड इन जपान' लेबलही लावून दिलं असतं. पैशाच्या बाबतीत मात्र सरकारने हात आखडला नाही: माणशी एक लाख येन, म्हणजे साधारण सत्तर हजार रुपये, आम्हा परदेशी रहिवाशांनासुद्धा. मावशीने अंबरनाथहून विचारलं होतं की ते योगेंद्र पुराणिकांनी मिळवून दिले का. मावशीला सांगा, अंबरनाथचा मुलगा २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आला हे खरं, पण देशाची तिजोरी अजून त्याच्या हातात नाही.

आता आई, तुझ्या बर्फावरच्या मुलाची खबर. फिगर स्केटर युझुरु हान्यू डिसेंबरअखेर नागानोला पाचव्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. दोन ऑलिंपिक सुवर्णं गळ्यात असलेला हा सव्वीस वर्षांचा मुलगा दहा महिने एकाही स्पर्धेत उतरला नव्हता. लहानपणापासून दमा. शिवाय त्याचं म्हणणं असं की मी कुठे गेलो की माझ्यामागे माणसं लोटतात, त्यातून आजार पसरेल. म्हणून ग्रांप्रीच्या स्पर्धा त्याने आपणहून सोडल्या. प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर कॅनडात, हा सेंदाईत. रिंकवर एकटाच सराव करायचा. बघायला कोणी नाही, चुकलं ते सांगायला कोणी नाही. त्यात हवेत साडेचार गिरक्यांची उडी शिकायचा हट्ट, जी जगात अजून कोणाला स्पर्धेत साधलेली नाही. ती जमेना, आणि तिच्या नादात येणाऱ्या उड्याही बिघडल्या. सगळं सोडून द्यावंसं वाटलं होतं, असं त्याने स्वतःच सांगितलं. शेवटी जुनी आवडती नृत्यं नुसती करून बघितली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. २०११ च्या भूकंपात पायात स्केट्स तशाच ठेवून रिंकबाहेर पळालेला पोरगा आहे तो. सहजासहजी सोडणार नव्हताच.

स्पर्धेला प्रेक्षक होते, पण विनंती होती: टाळ्या वाजवा, ओरडू नका. आणि त्याचं सादरीकरण संपलं की चाहते बर्फावर विनी-द-पूची अस्वलं फेकतात ना, पावसासारखी, तेही बंद. त्यामुळे टीव्हीवर पहिल्यांदाच मला पात्यांचा बर्फावरचा खर्रर्र आवाज नीट ऐकू आला. शेजारच्या आजी, वय सत्तरच्या पुढे, एरवी नागानोला जाणारच. यंदा मुलाने "विनंती" केली म्हणून घरी राहिल्या. २६ तारखेला रात्री भिंतीपलीकडून धप् धप् आवाज. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी भेटल्या. मास्क सारखा करून, दोनदा वाकून माफी मागितली आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "त्रास झाला असेल. अस्वलं फेकत होते." स्वतःच्याच दिवाणखान्यात! आणि मग वेचलीही स्वतःच. एकूण किती, ते विचारण्याइतकी आमची ओळख अजून नाही.

इथे सध्या सगळं असंच मनातल्या मनात चालतं. एका करमणूक उद्यानाने तर रोलरकोस्टरवर "मनात किंचाळा" अशी सूचना काढली, आणि दोन साहेब कोट-टाय घालून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ती सफर करून दाखवतात, असा व्हिडिओही. शाळेत छोटी डबा समोर तोंड करून, न बोलता खाते. घरी आल्यावर शिल्लक राहिलेलं सगळं बोलते. यांचं काम घरून चालतं, पण कागदावर शिक्का मारायला ऑफिसात जावंच लागतं. रोबो बनवणारा देश, आणि शिक्का अजून हातानेच उमटवायचा!

बाबांना ऑलिंपिक बघायला यायचं होतं. ते २३ जुलैला होणार म्हणतात, पण परदेशी पाहुण्यांना सध्या दार बंद आहे, त्यामुळे रजेचा अर्ज लिहू नका. हो, तुम्ही निवृत्त आहात, माहीत आहे. आईने विचारलंय, त्या बर्फावरच्या मुलाचं लग्न ठरलं का. नाही ठरलं. मावशीच्या मैत्रिणीच्या मुलीचा फोटो मला पाठवू नये. त्यापेक्षा वहिनीला सांगून थालीपिठाची भाजणी पाठवा, दोन किलो. एक किलो शेजारच्या आजींना द्यायचीय, त्या दिवसापासून त्या मला रोज काहीतरी आणून देतात आणि परतफेड करून माझी कंबर मोडायची वेळ आली आहे.

तुमची,
बेबी