तीन दिवसांत मंजूर

पुण्यात न विचारता मत देणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. तरीही वैद्यकीय जर्नलच्या संपादकाला विचारा, रिव्ह्यूअर मिळवताना त्याची किती दमछाक होते. इथे मत लेखी द्यायचं, त्याआधी पेपर वाचायचा, आणि मोबदला शून्य. वर नावसुद्धा गुप्त. म्हणजे मत देण्यातली सगळी मजाच काढून घेतलेली!

रीत साधी आहे. पेपर आला की संपादक आधी चाळतो. एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, मजकूर कुठून उचललाय का, औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत ती आधी नोंदवली होती का. पुष्कळ पेपर इथेच गळतात. उरलेले जाणकारांकडे जातात. त्यांतला एक ‘उत्तम’ लिहून मोकळा होतो. दुसरा दोन महिने गप्प राहतो आणि मग ‘रुग्णसंख्या कशी ठरवली?’ इथपासून खुसपटं काढायला लागतो. लेखक मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण तक्ते दुरुस्त करतो. खरं तर पेपरवर उपकार असतात ते या दुसऱ्याचेच.

एवढं करूनही फसगत होतेच. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्डचा पेपर ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि मागे घेतला २०१० मध्ये. तिथली ही कथा, तर ज्यांच्याकडे चाळणीच नाही त्यांचं काय? २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला कर्करोगावरचा बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या अशा दुकानांना आपल्याकडे गिऱ्हाईक सरकारी हुकुमाने मिळालं. मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये वैद्यकीय कॉलेजांतल्या अध्यापकांसाठी फर्मान काढलं: बढती हवी तर इंडेक्स्ड जर्नलमध्ये मूळ संशोधन छापा, नाव पहिल्या दोघांत हवं, ई-जर्नल चालणार नाही. आणि मान्य इंडेक्सांच्या यादीत इंडेक्स कोपर्निकस, जिथे ही मंडळी आधीच पथारी पसरून बसलेली! ओपीडी आणि लेक्चरं सांभाळणाऱ्या डॉक्टरला इनबॉक्समध्ये ‘आदरणीय प्रोफेसर’ म्हणत, तीन दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी मेल दिसली की तो दुसऱ्या रिव्ह्यूअरची वाट कशाला बघेल?

विद्यापीठांतही वेगळं नव्हतं. भूषण पटवर्धन आणि पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनीच शिफारस केलेली १००९ जर्नलं तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निकाल छापला. ८८ टक्क्यांहून अधिक नापास. सुमारे एकतृतीयांश तर पत्ता, संपादकांची नावं असल्या प्राथमिक माहितीतच अडकली. बाकीच्या कित्येकांचा इम्पॅक्ट फॅक्टरच खोटा. जर्नलला पत्ता नाही आणि विद्यापीठाची शिफारस आहे, हे कसब दाद देण्याजोगं.

त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ जर्नलं यादीतून काढली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिची छाननीही पुणे विद्यापीठातच. तिच्याविषयी तक्रारी होत्याच. यादी म्हटली की तिच्यात शिरण्याचे मार्गही निघतात. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंदच करून टाकली. आता कुठलं जर्नल चांगलं हे ज्याच्या त्याच्या संस्थेने ठरवायचं, यूजीसी फक्त निकष सुचवणार.

तेव्हा कॉलेजाकॉलेजांत समित्या बसतील, चहा-बिस्किटं येतील, निकषांवर खुणा होतील. समितीच्या सदस्यांचे स्वतःचे पेपर कुठे छापून आलेत, तेवढं कुणी विचारू नका म्हणजे झालं.