पाच तबकड्यांचा जाणकार

सोसायटीत कोणाकडे डीव्हीडी प्लेअर घ्यायचा ठरला की घरच्यांबरोबर दुकानात जो एक बाहेरचा गृहस्थ जातो, तो जाणकार. त्याचा भर साधारण 2002 ते 2010 या काळातला. त्याआधी तो व्हीसीआरचा जाणकार होता, त्याच्याही आधी टेपरेकॉर्डरचा. नोकरी बँकेत, एलआयसीत किंवा पाटबंधारे खात्यात. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध कॅटलॉग गोळा करण्यापुरता. स्वतःच्या पैशाने तो सहसा काही घेत नाही. पुढच्या वर्षी किमती उतरणार, असे त्याचे म्हणणे असते आणि ते दर वर्षी खरे ठरते.

घरच्यांची मागणी अगदी साधी असते. पिक्चर स्वच्छ दिसावा, आजींना कीर्तन ऐकू यावे आणि मध्येच सीडी बदलायला कोणाला उठायला लागू नये. एकापेक्षा जास्त तबकड्यांच्या प्लेअरचा विषय निघतो तो या तिसऱ्या मागणीतून. तिला तसा इतिहास आहे. व्हीसीडीवर जेमतेम 74 ते 80 मिनिटांचे चित्र मावते, त्यामुळे तीन तासांचा हिंदी पिक्चर तीन तबकड्यांवर पसरतो. नायक दरीच्या काठाला लोंबकळत असताना पडदा निळा होतो आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला उठवले जाते. हा धाकटा दहावीला गेला की घरात अनेक तबकड्यांचा चेंजर घेण्याची चर्चा सुरू होते.

खरे तर तोवर हा प्रश्न परस्पर सुटलेला असतो. 1996च्या नोव्हेंबरात जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीच्या एका थरात 4.7 गिगाबाइट मजकूर बसतो, दोन थर असतील तर 8.5. लेसरची तरंगलांबी सीडीच्या 780 नॅनोमीटरवरून 650वर आणली, खाचा बारीक केल्या, आणि अख्खा पिक्चर एका तबकडीत आला. फुटपाथवरच्या तबकडीत तर एकाला चार येतात, चित्र कितीही भुरकट असो. म्हणजे तबकडी बदलण्याची गरज ज्या यंत्राने संपवली, त्याच यंत्रात पाच तबकड्यांची सोय मागितली जाते. जाणकाराला हे सगळे आकड्यांसकट पाठ असते. तरी तो पाचच सुचवतो. ‘आज एक पुरेल हो, उद्याचं काय?’ या प्रश्नाला मध्यमवर्गीय घरात उत्तर नसते.

खरेदी मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात असेल तर तपकीर गल्लीत होते. घराजवळच्या दुकानातून घेणे जाणकाराला कमीपणाचे वाटते. दुकानदार त्याला पहिल्या वाक्यात ओळखतो आणि दुसऱ्या वाक्यापासून ‘सर’ म्हणू लागतो. पैसे देणारे काका बाजूच्या स्टुलावर बसतात. चहा आधी सरांना येतो.

दुकानातला मुख्य प्रसंग स्पीकरपाशी घडतो. खोक्यावर चार हजार वॉट पीएमपीओ असे ठसठशीत छापलेले असते. घरातला साधा 5 अँपिअरचा सॉकेट 230 व्होल्टला 1150 वॉट देतो. चार हजार खरे असते तर पहिल्याच आरतीला फ्यूज उडाला असता. पीएमपीओ म्हणजे क्षणभर, आदर्श परिस्थितीत, कागदावर निघू शकेल असा आकडा, आणि तो काढण्याची रीत ज्याची त्याची वेगळी. कानाला कळणारा आकडा आरएमएस. तो खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. जाणकार हे काकांना उत्तम समजावून सांगतो. मग दोन संचांतला जास्त पीएमपीओचा संच निवडतो.

त्यानंतर निघतो रिजनचा मुद्दा. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले आहेत. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. काकांचा भाचा न्यू जर्सीला असतो आणि त्याने मुलाच्या मुंजीची तबकडी पाठवलेली असते, म्हणून जाणकार ‘ऑल रिजन’चा आग्रह धरतो, रिमोटवर गुप्त आकडे दाबून कुलूप काढून घेतो. घरी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या मुंजीला रिजन नसतो. अडचण आली तर ती तिकडच्या एनटीएससी पद्धतीची, आणि इकडचे बहुतेक प्लेअर तीही मुकाट्याने चालवतात. पण कुलूप काढल्याचे समाधान वेगळेच, आणि काकांनाही त्यात काहीतरी बेकायदा स्वस्तात मिळाल्यासारखे वाटते.

एवढ्या तपासणीत एकच माप राहून जाते. तबकडीचा व्यास 12 सेंटिमीटर. पाच तबकड्या एकमेकींना न झाकता गोलात मांडायच्या तर खालचा थाळा 32 सेंटिमीटरपेक्षा लहान होऊ शकत नाही. तीनच असत्या तर 26वर भागले असते. थाळ्याभोवती पेटी, पेटीमागे पिना, आणि खण पुढे सरकायला हातभर मोकळी जागा. हॉलमधले शोकेस मात्र सुताराने पोर्टेबल टीव्ही, गणपती आणि चिनीमातीची बदके यांच्या हिशेबाने केलेले असते. काकू खोके पाहताक्षणी म्हणतात, ‘हे बसणार नाही.’ जाणकार ‘वहिनी, बसवू’ म्हणतो. शेवटी बदके माळ्यावर जातात आणि शोकेसची मागची फळी निघते.

जोडणी हा जाणकाराचा खरा सोहळा. पिवळी पीन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. हिरवी-निळी-लाल ही तिकडी कंपोनंटची, तिच्यात आणखी एक लाल असल्यामुळे पहिल्या तासाभरात चित्र तरी येते किंवा आवाज तरी. पण टीव्ही पंधरा वर्षांचा असेल तर त्याला या पिनांची भोकेच नसतात, फक्त अँटेनाचे असते. अशा वेळी जाणकार धूळ खात पडलेला व्हीसीआर काढतो आणि प्लेअरची वायर त्याच्यातून टीव्हीत नेतो. कल्पना चतुर आहे, आणि इथेच ती फसते. डीव्हीडीची नक्कल टेपवर होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाचा अडथळा संकेतातच घातलेला असतो. व्हीसीआरची आपोआप प्रकाश सावरणारी यंत्रणा त्याने गोंधळते आणि चित्र दर काही सेकंदांनी उजळते, विझते, पुन्हा उजळते. घरचे लोक हा पिक्चरमधला विजांचा कडकडाट समजून पंधरा मिनिटे बघतात. नंतर नवा टीव्ही घ्यावा लागतो. त्यासाठीही जाणकारालाच बोलावतात.

प्लेअरचा रोजचा वापर फारसा सांगण्यासारखा नाही. महिन्याभरात पाच खणांच्या जागा ठरतात: एकात मनाचे श्लोक, दुसऱ्यात नातवाचे कार्टून, तिसऱ्यात लग्नाची तबकडी, चौथ्यात लेन्स साफ करायची ब्रशवाली सीडी. पाचव्यात काय आहे हे कोणालाच आठवत नाही, म्हणून ते पाहायला कोणीतरी उठते, खण उघडते, थाळा घरघरत फिरवते. एका तबकडीच्या प्लेअरला जितके उठावे लागले असते, त्याहून हे थोडे जास्तच. 2007च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढल्यावर तबकड्यांचा ढीग वाढला. खण पाचच राहिले, आणि जाणकाराने काकांना ‘मी तेव्हाच म्हणत होतो’ असे ऐकवले.

दोन-तीन पावसाळ्यांनंतर थाळा फिरवणारा रबरी पट्टा सैल पडतो आणि खण अर्ध्यातच थांबतो. जाणकाराचे निदान ठरलेले: व्होल्टेज. गल्लीतला कारागीर झाकण उघडून पट्टा बदलून देतो आणि तो गेल्यावर जाणकार स्टॅबिलायझर सुचवतो.

सर्वांत शेवटी एक्स्चेंज ऑफर येते. काउंटरवरचा मुलगा जुन्या प्लेअरला सरसकट एकच भाव लावतो; तबकडी एक असो वा पाच. काका गप्प उभे असतात. जाणकार त्याला थाळा, 650 नॅनोमीटर आणि ऑल रिजन सविस्तर सांगतो. मुलगा सगळे ऐकून घेतो, रिमोटचे दोन सेल फुकट देतो आणि पावतीवर शिक्का मारतो.