माशी सरकली हाय!

गावात काहीही बिघडलं की त्याचं निदान करणारा एक माणूस असतोच. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत हे खातं निवृत्त जमादारांकडे आहे.

जमादार अकोला जिल्ह्याच्या पोलिसांत भरती झाले आणि वाशिम जिल्ह्याच्या पोलिसांतून निवृत्त झाले, तेही बदलीचा अर्ज न करता. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला आणि जिल्हाच त्यांच्या पायाखालून सरकला. खांद्यावरची रायफल तेवढी तीच राहिली : थ्री नॉट थ्री. पहिल्या महायुद्धाआधीचा इंग्रजी घाट, बंगालातल्या ईशापूर कारखान्याचा शिक्का, चार किलोच्या आसपास वजन, पोटात दहा गोळ्या आणि मागच्या पट्टीवर थेट दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे. "एवढ्या लांबचा चोर दिसते तरी कोणाले?" असं एकानं विचारलं, तेव्हा जमादार शांतपणे म्हणाले, "चोराले हे माहीत नसते ना बे!"

फायरिंगच्या दिवशी नेम चुकलेला प्रत्येक शिपाई रायफललाच वाकडी ठरवतो, हे जमादारांनी आयुष्यभर पाहिलं. त्यातून त्यांचा सिद्धांत तयार झाला. आधी पाच गोळ्या एकाच ठिकाणी शिस्त धरून मारायच्या. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, म्हणजे ग्रुप घट्ट आला, पण निशाणाच्या डावीकडे, तर माणूस खरा आणि माशी, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा खुंट, खोटी. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर माशीला हात लावायचा नाही. त्या माणसाला घरी पाठवायचं.

पुढचा भाग लोकांच्या डोक्यावरून जातो. गोळी डावीकडे जात असेल तर नळीच्या टोकावरची माशीसुद्धा डावीकडेच सरकवायची. "उलटं सांगता तुम्ही," असं म्हणणारा कोणीतरी निघतोच आणि मग जमादारांची संध्याकाळ कारणी लागते. माशी उजवीकडे सरकलेली असली, की तिला मागच्या खाचेच्या मधोमध आणताना नळीचं तोंड आपोआप डावीकडे वळतं. म्हणून माशी गोळीच्या मागं न्यायची. गोळी खाली लागत असेल तर माशी उंच आहे, बुटकी बसवायची. आणि हे काम शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररनं शिकंजा लावून करायचं. माशीवर हातोडी चालवणाऱ्याला जमादार माणसांत धरत नाहीत.

याउपर बारीकसारीक रोग वेगळे. माशीला धक्का लागू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान असतात. घाबरलेला नवखा शिपाई माशी सोडून कानावरच नेम धरतो आणि गोळी भलतीकडे जाते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीला टेकतं आणि उन्हाळ्यात लागणारा नेम श्रावणात चुकतो. काहीजण धक्क्याच्या भीतीनं चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. त्यांच्यासाठी गोळ्यांत एखादं रिकामं काडतूस गुपचूप घालायचं. बार होत नाही, पण गडी दचकतो आणि चोरी उघडी पडते.

एवढी विद्या आणि समोर रायफल नाही! म्हणून जमादारांनी फावड्याच्या दांड्यावर पुढे एक खिळा ठोकला, ती माशी. मागे दोन ठोकले, ती खाच. सकाळी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोट्ट्यांना थांबवून ते दांडा धरायला लावतात, टोकावर रुपया ठेवतात आणि सांगतात, "चाप ओढ, रुपया पडला नाही पायजे." पोलीस भरतीत धावणं असतं, गोळाफेक असते, नेमबाजी नसते. हे त्यांना सांगायची हिंमत अजून कोणी केलेली नाही. एक पोट्टा एकदा एवढंच म्हणाला, "काका, खिळाच वाकडा हाय." जमादारांनी दांडा डोळ्याला लावला, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "खिळा बराबर हाय. तू वाकडा उभा हायस."

हळूहळू सगळं गाव या कसोटीला लागलं. कोणाच्या पेरणीची तासं वाकडी आली, तर जमादार विचारतात, "सारी एकाच अंगाले गेली का?" एसटी उशिरा आली, तर रोज तेवढाच उशीर होतो का, हे आधी विचारणार. रोज होत असेल तर वेळापत्रकाची माशी सरकली. घरात भाकर करपली तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न केला, "रोज एकाच बाजूनं करपते का?" काकू तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "तुम्ही बोलत बसता ना, रोज त्याच वेळी करपते." हा ग्रुप एवढा घट्ट होता, की जमादारांना उत्तर सुचलं नाही.

थ्री नॉट थ्रीला कोणी भंगार म्हटलं की मात्र ते चिडतात. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईच्या सीएसटीवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा पोलिसांच्या हाती याच रायफली होत्या, हा विषय चहाच्या टपरीवर निघाला, की त्यांचं म्हणणं ठरलेलं : "दरेक गोळीले बोल्ट ओढा लागते, बाप्पा. समोर एके-47 होती. इथं नेमाचा काय दोष?" हे त्यांचं बरोबर आहे, आणि त्या टपरीवर इतकं बरोबर दुसरं कोणी बोलत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात या रायफलीला निरोप दिला, ते कात्रण त्यांच्या पाकिटात आहे. "मले पेन्शन तरी हाय," ते म्हणतात, "तिले काय?"

इंझोरीला गेलात आणि मोटारसायकलचा हेडलाइट तिरपा पडत असेल, तर सरळ मेकॅनिक गाठा. जमादारांना विचारलंत, तर ते आधी पाच रात्री तशीच चालवून पाहायला सांगतील.