बिनअर्जी

मार्चअखेर फलटणच्या आसपासचे हिवाळी टोमॅटोचे प्लॉट संपत येतात. तारा-काठ्या उतरतात, वेल बांधावर पडतात, रानात मेंढरं शिरतात. त्या रानात शेतकरी मग टोमॅटोचं नाव काढत नाही. नेमका तेव्हा आमच्या शेजारच्या आप्पांचा हंगाम सुरू होतो.

आप्पा निवृत्त कालवा निरीक्षक. उभी हयात नीरा उजव्या कालव्यावर गेली. नमुना सातचा अर्ज न भरता कुणी दारं फोडून पाणी घेतलं, की आप्पा पंचनाम्याला हजर. बिनअर्जी क्षेत्र म्हटलं की सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नाही. मेव्हणा अजून दिवाळीला येत नाही. आता कालवा सुटला, उरली घरामागची मोरी. भांड्यांच्या पाण्याबरोबर गेलेलं टोमॅटोचं बी तिच्या तोंडाशी उगवतं. काकू ते उपटायला वाकल्या की आप्पा आतून ओरडतात, "अगं थांब! आलंय ते आलंय."

आयुष्यभर ज्याचा पंचनामा केला, तेच बिनअर्जी पीक म्हातारपणी बादलीत लावायचं, ही एक प्रकारची परतफेडच असावी. मेव्हण्यापर्यंत मात्र ती पोचलेली नाही.

रोप हलवणं हा सोहळा असतो. काकूंचं उलथणं घेऊन आप्पा मातीच्या हुंडीसकट रोप उचलतात. रंगाच्या रिकाम्या बादलीला तापल्या खिळ्यानं भोकं पाडलेली असतात. खालची पानं खुडून रोप गळ्यापर्यंत पुरायचं. टोमॅटोच्या खोडालाही मुळ्या फुटतात, हे ते दरवर्षी मला नव्यानं सांगतात आणि मी नव्यानं "असं होय!" म्हणतो. वर उसाचं पाचट, बादलीभोवती ओलं गोणपाट. नाहीतर उन्हानं बादली तापते आणि मुळं आतल्या आत उकडतात.

अशा अकरा बादल्या. त्यांना शेजपाळीनं पाणी, तेही टेलकडून हेडकडे. म्हणजे नळापासून सगळ्यात लांबच्या बादलीला आधी. रजिस्टरात नोंद. एकदा मी नळाजवळच्या बादलीत सहज तांब्याभर पाणी ओतलं, तर आप्पा म्हणाले, "हेडवाल्यांची हीच खोड. टेलला सांगोल्याकडच्या माणसानं काय करायचं?" मी तांब्या खाली ठेवला.

एवढं करून पीक म्हणावं, तर एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. रात्रीही गारवा धरत नाहीत. अशा उष्म्यात टोमॅटोचा पराग कामातून जातो. फूल देठाशी पिवळं पडतं आणि गळतं. आप्पा सकाळी आठला एकेका फुलाच्या देठाला टिचकी मारत फिरतात. पराग झडावा म्हणून. काकूंच्या मते ते झाडांची हजेरी घेतात.

जे धरतं तेही घराण्याचं नाव सांगत नाही. बाजारातला टोमॅटो संकरित, त्याच्या बीचा भरवसा नाही. एका बादलीत अंड्याएवढे, दुसरीत सुरकुतलेले, तिसरीत नुसता पाला. त्यात बोकड्या रोग आला की पानं आखडून मुठी वळतात. आप्पा अशा रोपाचीही पाळी चुकवत नाहीत.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा आप्पांची मान आठवडाभर ताठ होती. झाडांवर मिळून टोमॅटो पाच होते. एक काकूंनी न विचारता आमटीत घातला. रजिस्टरात त्या दिवशी शेरा आहे : "पाणीचोरी नाही. मालचोरी."

उरलेली रोपं आप्पा वाटतात. नको म्हणायची सोय नाही. ते रोप हातात देतात आणि आठ दिवसांनी तपासणीला येतात. माझ्या गच्चीवर सध्या चार बादल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर अंधार पडल्यावर येऊन घेऊन जा. नमुना सात लागणार नाही.