तेहतीस टक्के वारा

वारा ही बेशिस्त जात. वैशाखात दुपारभर जीव घुसमटवायचा, चारच्या सुमाराला सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग उभे करायचे आणि पावसाने गार झालेली जड हवा ढगातून धाडकन खाली आपटायची. घाटात झाडं रस्त्यावर आडवी, खाली कोकणात कौलं अंगणात आणि हापूस मातीत. एवढं सगळं करताना वारा एकदाही निकष वाचत नाही.

निकष सोपा आहे. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त झालं तर मदत. बत्तीस टक्के झालं तर ती झुळूक. शाळेत पोराला पस्तिसाला पास करतात. वाऱ्याला दोन गुणांची सवलत आहे, तरी मेला अभ्यास करत नाही. २०१५ पर्यंत तर रेघ ५० वर होती. म्हणजे अर्धी बाग झोपल्याशिवाय वारा सुटलाच नाही, असं धरायचं.

आता टक्के काढायचे कसे? पडलेले आंबे भागिले आधी असलेले आंबे, गुणिले शंभर. गणित प्राथमिक शाळेतलं. फक्त, आधी असलेले आंबे कोणी मोजून ठेवलेले नसतात. मग झाडावर उरलेले मोजायला गडी वर चढवावा. त्याच्या वजनाने आणखी चार पडले तर ते वाऱ्याच्या खात्यात लिहायचे की गड्याच्या, यावर वरून मार्गदर्शन मागवावं. ते येईपर्यंत पडलेला आंबा जागचा हलवू नये, कारण तो पुरावा. हा पुरावा दुसऱ्या दिवशी काळा पडतो, चौथ्या दिवशी वास मारतो. कॅनिंगला घातला तर किलोमागे चार पैसे सुटतील, पण मग फोटो कशाचा काढणार? फोटो जागेवरचा हवा, अक्षांश-रेखांशासकट. तो पाठवायला रेंज हवी, रेंजला वीज हवी आणि वीज तर वारा येणार या बातमीनेच गेलेली. वर वानरं. वानरांवर मला बोलायला लावू नका. वर्षभर ती उभं पीक खातात, वादळानंतर खाली उतरून पुरावा खातात. पंच येतात तेव्हा झाडाखाली फक्त चघळून टाकलेली सालं, आणि वर आम्हालाच प्रश्न, ‘फारशी पडझड दिसत नाही?’

बरं, लागले एकदाचे तेहतीस. पुढे? २०२२ पासूनच्या निकषांत बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. दहा-दहा मीटरवर लावली तर हेक्टरात शंभर कलमं बसतात. झाडामागे २२५ रुपये! कधी वरून भर घालतात, तिचा गाजावाजा भरपाईपेक्षा मोठा. कलम बापाने लावलं, डोक्यावरून हंडे वाहून आईने जगवलं. मोहोरावरच्या फवारण्या, राखणदाराचा पगार, सोसायटीचं कर्ज, सगळ्याचं मोल २२५. एवढ्या पैशांत शहरात डझनभर चांगला हापूस आणून दाखवा, मग आम्हाला टक्केवारी शिकवा.

मागणी दोनच. आंबा नासायच्या आत माणूस बागेत पाठवा. ते जमत नसेल तर पडीचा आंबा विकायची मोकळीक लेखी द्या. तेही जमत नसेल, तर निदान तेराव्याला पंचनामा करायला याल तेव्हा जेवायला थांबू नका.