वर फेस, खाली दूध

मार्च उजाडला की फोन आपणहून जुने फोटो वर काढतात, आणि त्यांत हटकून एक काचेचा पेला असतो. खाली पांढरं दूध, वर बदामी फेसाचा तुरा. डालगोना कॉफी, २०२०. मग तो फोटो पुन्हा साऱ्या गणगोताला जातो आणि खाली ओळ येते, ‘काय दिवस होते ते! स्वतःसाठी वेळ मिळाला, त्याचा सदुपयोग केला.’ या सदुपयोगाची कृती सगळ्यांना पाठ आहे, तरी दप्तरी नोंद असावी म्हणून सांगतो: दोन चमचे इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी आणि चारशे फेटे. कोरियात तिला चारशे वेळा फेटलेली कॉफी असंही म्हणत. चारशे फेट्यांत एरवी एक झकास वरात निघाली असती. पण त्या मे महिन्यात लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, तेव्हा साडेतीनशे फेटे तसेही शिल्लक पडले असते. कॉफी-साखर वाटीत घोटायची रीत आपल्याकडच्या कित्येक घरांत जुनीच आहे. फरक इतकाच, की आपली घोटलेली कॉफी दूध ओतलं की दुधात मिसळते, आणि मिसळलेली गोष्ट फोटोत दिसत नाही. डालगोनाचा फेस दुधावर बसवतात, फोटो निघेपर्यंत तो बसतो, मग प्यायची तर ढवळावाच लागतो. ढवळल्यावर हाती येते साधी थंड कॉफी. म्हणजे चारशेच्या चारशे फेटे कॅमेऱ्याने प्यायले.

इथवर हरकत नाही. हरकत आहे ती भांड्यांना. एका पेल्यामागे एक वाटी, दोन चमचे, एक रवी, दुधाचं पातेलं आणि खुद्द पेला. वाटीत उरलेला फेस वाळला की साखरेमुळे असा धरतो, की ती भिजत घालण्यावाचून गत्यंतर नसतं. भांडीवाल्या मावशींना सोसायटीच्या फाटकावरच थांबवलेलं होतं. मग वाटी कोणी घासली? २०१९ साली, म्हणजे टाळेबंदीच्या आदल्याच वर्षी, आपला देश वेळ कशावर घालवतो याची मोठी पाहणी झाली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी शंभरात ८१ जणी घरचं बिनपगारी काम करतात आणि दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, असं तीत निघालं. पुरुषांत हे काम करणारे शंभरात २६, आणि त्यांची मिनिटं ९७. ही ९७ मिनिटंदेखील जे मुळात हात लावतात त्यांची. उरलेल्या ७४ जणांचा हिशेब शून्याने सुरू होतो आणि शून्यावरच संपतो. आता याच घरात सगळ्यांना चोवीस तास कोंडा, मदतीची बाई काढून घ्या, चार वेळचं खाणं सहा वेळचं करा आणि वर म्हणा, वेळ मिळाला. मिळाला खरा. ज्याला मिळाला त्याने तो कोणाच्या खात्यातून काढला, ते पासबुक मात्र कोणी उघडत नाही.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, माणसं घाबरली होती, मनाला विरंगुळा नको का? हवाच. पण मग त्याला विरंगुळाच म्हणा. ज्यांनी पत्ते कुटले, दुपारी ताणून दिली, रामायण पुन्हा लागलं म्हणून पुन्हा पाहिलं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ती प्रामाणिक माणसं. विरंगुळ्याला गुण नसतात. गुण असतात ते आठवीच्या निबंधाला, आणि ‘सदुपयोग’ हा शब्द त्या वहीतून उठून थेट नोकरीच्या मुलाखतीत जाऊन बसला आहे: लॉकडाऊनच्या काळाचा आपण कसा सदुपयोग केलात? हा प्रश्न कोणाला विचारतो आहोत, याची काही शुद्ध? त्याच आठवड्यांत कसारा घाटातून माणसं डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर घेऊन उत्तरेकडे निघाली होती. त्यांनी वेळेचं काय केलं? चालले. कोणी घंटागाडीवर उभं होतं, कोणी वॉर्डात आठ-आठ तास प्लॅस्टिकच्या झग्यात घामाने निथळत होतं. पूर्वी प्लेग आला की आपले लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. साथ ओसरल्यावर परतलेल्यांना वेशीवर अडवून ‘काय नवीन शिकलात?’ असं विचारायची टाप कोणाची नव्हती. जिवंत परत आलास ना, मग हातपाय धू आणि जेवायला बस, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे: पुरुष निदान स्वयंपाकघरात तरी आले! आले, नाही कोण म्हणतं? कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून त्यांनी केक केले. पण मैदा चाळून कोणी दिला, मीठ कुठल्या डब्यात आहे हे कितीदा विचारलं आणि काढलेली रिंग सापडेना म्हणून दुसऱ्या दिवशी वरणभाताचा कुकर कोणाचा अडला, हेही त्याच कृतीत लिहा. आणि ज्यांनी मुकाट्याने रोजची कणीक मळली, ओटा पुसला, ते पुरुषही होतेच. त्यांचे फोटो मात्र नाहीत, कारण पुसलेला ओटा हा काही फोटोचा विषय नव्हे.

यंदा तो पेला पुन्हा वर आला, तर पाठवण्याआधी फोटो दोन बोटांनी जरा मोठा करून पाहावा. फेसाच्या तुऱ्यामागे, अंधुक कोपऱ्यात, सिंकची कड दिसते. तिथे एक वाटी भिजत घातलेली आहे.