पाहुणी डॉक्टर

भाची इंटर्नशिप संपवून मलावीतल्या एका खेड्याच्या रुग्णालयात सेवेला निघाली, तेव्हा ताईला धास्ती मलेरियाची नव्हती. डॉक्टर कोटणीसांची होती. सोलापूरचा तो तरुण पुढच्या परीक्षेचा अभ्यास सोडून १९३८ मध्ये चीनला गेला, १९४१ मध्ये तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथल्याच मातीत मिसळला. शांतारामबापूंच्या कोटणीसांवरच्या चित्रपटातला त्याग ताई विसरली होती, लग्न तेवढं लक्षात होतं.

मलावीत मात्र भाचीच्या त्यागासाठी कुणी खोळंबलं नव्हतं. ब्लँटायरचं वैद्यकीय महाविद्यालय उघडलं १९९१ मध्ये. त्याआधी डॉक्टर व्हायचं तर परदेश गाठावा लागे. म्हणून जिल्ह्यांतली बहुतेक सिझेरियन तिथले क्लिनिकल ऑफिसर करतात : तीन वर्षांचं शिक्षण, वर्षभराची उमेदवारी. पदवी भाचीची मोठी, हात त्यांचा तयार. लग्नघरात आलेल्या दूरच्या पाहुणीसारखी ही वॉर्डात उभी. खुर्ची सगळे देतात, काम कुणी सांगत नाही.

काम सापडलं ते वॉर्डामागच्या पडवीत. रोग्याला भरवणं, अंघोळ घालणं, कपडे धुणं, सारं तिथे नातेवाईकच करतात. तिथेच चुली मांडून मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा रांधतात. हे तिने फोनवर सांगितलं आणि मला तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा आठवला. दादाच्या अपेंडिक्सच्या वेळी आई तिथे स्टोव्ह घेऊन मुक्कामाला होती. शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही तिची मुगाची खिचडी पोचायची. ऑपरेशन कुणी केलं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. खिचडी आठवते, किंचित करपलेली.

तर त्या पडवीत एका आजीने भाचीला चुलीपाशी बसवून घेतलं. साडेपाच वर्षं वैद्यक शिकलेल्या मुलीला ओलं लाकूड काही पेटेना. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी, आणि भोवती बायकांचं मनमुराद हसू. शेवटी आजीनेच जाळ केला, हिच्या हातात न्सिमाचा गोळा ठेवला आणि ही जेवेपर्यंत समोरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी आजीच्या नातवाने, जो मलेरियाच्या तपासणीसाठी कुणालाच बोट देत नव्हता, भाचीपुढे मुकाट्याने हात केला. काल आपल्यात जेवलेली बाई परकी कशी असेल?

तुमच्या घरातलं कुणी असं निघालं, तर खुशाल जाऊ द्या. फक्त आधी चूल पेटवायला शिकवा.